न आलेला अतिथी

आपल्याकडील जुन्या घरांत एक आचार पाळला जात असे. वैश्वदेव आटोपला, पाने मांडली गेली, तरी घरचा कर्ता पुरुष लगेच पानावर बसत नसे. तो अंगणात येऊन उभा राही व वाटेकडे पाही. एक गाय दोहून होण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ अतिथीची वाट पाहावी, असे धर्मशास्त्रकारांनी सांगून ठेविले आहे. आलेल्या अतिथीचा सत्कार करणे त्या मानाने सोपे असते. तो समोर उभा असतो, त्याची भूक डोळ्यांना दिसते, आणि त्याला विन्मुख पाठविल्यास चार लोक नावे ठेवतील याची भीतीही मनात असते. परंतु जो अद्याप आलेला नाही, ज्याचे नावगाव ठाऊक नाही, कदाचित जो येणारही नाही, त्याच्यासाठी आपला घास क्षणभर थांबवून ठेवणे, हा या आचाराचा खरा विशेष होय. दिसणाऱ्याचा हक्क सगळेच मानतात. न दिसणाऱ्याचाही आपल्यावर काही हक्क आहे, हे त्या अंगणात उभे राहून माणूस शिकत असे.

२०२० साली करोनाच्या महामारीत कर्करोगाच्या रुग्णांचे आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे जे झाले, त्याचा विचार करू लागलो म्हणजे मला हा आचार वारंवार आठवतो. जो रुग्ण दाराशी आलाच नाही, त्याच्याविषयी डॉक्टरांचे, आणि डॉक्टरांबरोबर आपणा सर्वांचे, काही कर्तव्य आहे काय? असल्यास ते कोणी आणि कसे पाळावे? हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा दिसतो. वस्तुतः तो धर्माचा आहे, आणि म्हणूनच या पृष्ठांतून तो मांडण्याचे मी धाडस करीत आहे.

विचाराला पाय टेकण्यापुरती जमीन हवी, म्हणून एक गाव डोळ्यांपुढे धरू. कन्हान नदीच्या काठी, सौंसर तालुक्यात, रामाकोना नावाचे गाव आहे. पूर्वी हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ सालापासून तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. संत्र्यांच्या बागा, कापसाची शेते, आणि घराघरांतून बोलली जाणारी मराठी, असे या भागाचे रूप आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी येथील लोकांची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राजधानी भोपाळला गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्ये सीमेची रेघ आली. परंतु नातीगोती, बाजारपेठ आणि मोठा दवाखाना हे सारे नागपूरलाच राहिले. साठ-चौसष्ट वर्षे या रेघेची कोणाला फारशी जाणीवही नव्हती. सकाळी निघावे, नागपूरला डॉक्टरांना दाखवावे आणि दिवेलागणीला परत यावे, असा लोकांचा परिपाठ होता.

या भागात खर्रा खाण्याची सवय फार पसरलेली आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटलेला तो तोबरा तासन्‌तास गालात धरला जातो, आणि कालांतराने पुष्कळांच्या तोंडात तो रोगाचे बी पेरतो. आता एखाद्या पन्नाशीच्या बागायतदाराची कल्पना करावी. हा कोणी विशिष्ट मनुष्य नव्हे. परंतु अशी माणसे गावोगाव असतात. मार्च महिन्यात त्याच्या गालाच्या आत एक चट्टा आला आहे आणि तो काही केल्या भरून येत नाही. संत्री उतरली की नागपूरला जाऊन दाखवू, असे तो घरी म्हणाला आहे. इतक्यात २२ मार्चला जनतेची संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. आगगाड्या थांबल्या, मोटारी थांबल्या, राज्याच्या सीमेवर पहारा बसला. चौसष्ट वर्षे जी केवळ नकाशावरची रेघ होती, तिची एका रात्रीत भिंत झाली.

आजारी माणसाला सीमा ओलांडण्याची परवानगी नव्हती असे नाही. पास मिळत असे. परंतु पास मागावयाचा म्हणजे कारण दाखवावे लागे. ज्याचा रोग पूर्वीच ओळखला गेला होता, त्याच्याजवळ रुग्णालयाचा कागद होता. ज्याला केवळ शंका होती, त्याने काय दाखवावे? गालातील चट्टा हा काही सरकारी कागद नव्हे. जवळच जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या स्थितीतील मारुतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. दुखणेकरी माणसे मोठ्या आशेने तेथे येतात. महामारीत देशातील इतर देवळांप्रमाणे त्याचेही दार भाविकांना बंद झाले. एरवी अशा ठिकाणी चार माणसे भेटतात, एखादा जाणता गृहस्थ चट्टा पाहून म्हणतो, “बाबा, हे अंगावर काढू नकोस, नागपूरला जा.” तो एक शब्द बोलणारा माणूसही त्या दिवसांत भेटेनासा झाला. अशा रीतीने आपला बागायतदार घरीच राहिला. आणि तो आला नाही, हे कोणालाच कळले नाही, कारण तो येणार आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

असे न आलेले किती होते? राष्ट्रीय कर्करोग जाल या नावाने देशातील अनेक कर्करोग रुग्णालये एकत्र बांधली गेली आहेत. त्यांपैकी ४१ केंद्रांनी २०२० च्या मार्च ते मे या तीन महिन्यांची आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना केली आणि ती २०२१ साली प्रसिद्ध केली. २०१९ च्या त्या तीन महिन्यांत १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० साली ५१,७६० नोंदले गेले. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर आल्या. रोग आगाऊ हुडकण्याच्या तपासण्या सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत एक तर अजिबात बंद पडल्या, किंवा नेहमीच्या चतुर्थांशाहूनही कमी चालल्या.

नव्या रुग्णांच्या त्या दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहावी. ६०,५१० माणसे. त्या वर्षी कर्करोगाने माणसांकडे पाठ फिरविली होती असे तर नव्हे. ही माणसे कोठे तरी होती. त्यांच्या गालांत, स्तनांत, गर्भाशयाच्या मुखाशी रोग वाढत होता, आणि त्यांचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. करोनाने मेलेल्यांची गणती रोज सायंकाळी सांगितली जात असे. यांची गणती सांगण्यास कोणी नव्हते. आणि विलंबाचे फळ काय असते, हे आता अज्ञात राहिलेले नाही. बारा लाखांहून अधिक रुग्णांविषयीच्या अभ्यासांचा एकत्र विचार करून संशोधकांनी २०२० सालीच दाखविले की उपचाराला चार आठवडे उशीर झाला, तर अनेक प्रकारच्या कर्करोगांत मृत्यूचा धोका सुमारे सहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो.

आता दाराच्या आतल्या बाजूस, डॉक्टरांकडे वळू. त्यांची अवस्था समजून घेतल्यावाचून त्यांच्या कर्तव्याविषयी बोलणे अन्यायाचे होईल.

कर्करोगावरील औषधे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी करतात, म्हणजे संसर्गाशी झुंजणारे शरीराचे सैन्यच काही काळ दुर्बळ करतात. साथ भोवती असताना ते औषध द्यावे, तर रुग्ण साथीच्या तोंडी जाण्याची भीती. न द्यावे, तर तो रोगाच्या तोंडी जाणार हे दिसतेच आहे. त्यात आमच्या भागातील रोग बहुधा तोंडाचा आणि घशाचा, आणि करोनाचा विषाणूही तेथेच वस्ती करणारा. तोंडाचा रोग पाहावयाचा तर रुग्णाच्या तोंडावरील पट्टी काढावीच लागते, आणि तपासणाऱ्याला आपला चेहरा त्याच्या श्वासाजवळ न्यावा लागतो. त्या डॉक्टरच्या घरीही म्हातारी आई असते, लहान मुले असतात. रक्तदानाची शिबिरे थांबल्यामुळे शस्त्रक्रियेसाठी लागणारे रक्तही दुर्मीळ झाले होते.

ज्ञानाचा आधार तरी किती होता? आरंभी चीनमधून एक वृत्तांत आला की कर्करोगाच्या रुग्णांना करोना झाल्यास तो फार भयंकर रूप घेतो. तो वृत्तांत अवघ्या अठरा रुग्णांवर आधारलेला होता. अठरा माणसांच्या अनुभवावरून जगातील लाखो माणसांचे उपचार चालवावे की थांबवावे, हे ठरविण्याची पाळी आली होती. पुढे मे महिन्यात ब्रिटनमधील आठशे रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकतीच औषधे घेतली असल्यामुळे मृत्यूचा धोका विशेष वाढल्याचे त्यात आढळले नाही. परंतु मार्चमध्ये निर्णय घेणाऱ्याच्या हाती मे महिन्याचे ज्ञान नसते. माणसाला नेहमी अर्ध्या उजेडातच चालावे लागते.

येथे नीतीचा खरा पेच आहे. समजा, एका डॉक्टरने शस्त्रक्रिया केली आणि रुग्ण करोना होऊन मरण पावला. सर्व लोक म्हणतील, डॉक्टरने घाई केली. त्याला स्वतःलाही रात्रभर झोप येणार नाही. आता समजा, त्याने शस्त्रक्रिया तीन महिने पुढे ढकलली, दरम्यान रोग पसरला आणि वर्षभराने रुग्ण गेला. लोक म्हणतील, रोगच वाईट होता. पहिल्या मृत्यूला कर्ता आहे. दुसऱ्याला केवळ कारण आहे. म्हणूनच भ्यालेले मन नेहमी दुसरी वाट धरते आणि तिला सावधगिरी असे नाव देते. परंतु रुग्णाच्या बाजूने पाहिले, तर दोन्ही मरणे सारखीच. गीतेने कर्माबरोबर अकर्माचेही स्वरूप जाणून घ्यावे असे सांगितले आहे, ते केवळ संन्याशांसाठी नव्हे. हात आवरून बसल्याने आपण कर्मातून सुटलो, ही समजूत भ्रामक आहे. न करणे हेही एक करणेच असते. त्याचे फळ दूर, दुसऱ्याच्या घरी आणि उशिरा पिकते, एवढाच काय तो फरक.

यावर कोणी म्हणेल, मग काय डॉक्टरांनी जिवावर उदार होऊन सर्व काही पूर्वीप्रमाणे चालू ठेवावयाचे होते? तसे माझे म्हणणे नाही. अशक्य गोष्टीचे कर्तव्य कोणावरही नसते. एका परिचारिकेला लागण झाली, तर एक कक्ष बंद पडतो आणि आणखी पन्नास रुग्ण उपचारावाचून राहतात. म्हणून स्वतःचे रक्षण करणे हाही सेवेचाच भाग आहे. शिवाय सर्वच कर्करोग एका वेगाने धावत नाहीत. काहींना काही महिने थोपविता येते, काहींना आठवडाही परवडत नाही. कोणाला थांबविता येईल आणि कोणाला नाही, हे एकेका रुग्णापाशी बसून ठरविणे यालाच विवेक म्हणतात. वर सांगितलेल्या ४१ केंद्रांतही किरणोपचार घेणाऱ्यांची संख्या सुमारे २३ टक्क्यांनीच घटली, म्हणजे इतर सेवांच्या मानाने ती पुष्कळ टिकून राहिली. सरसकट दार लावून घेणे आणि सरसकट दार उघडे टाकणे, या दोन्हींत विवेक नाही. दोन्हींत विचार करण्याच्या कष्टातून सुटका तेवढी आहे.

विवेकाने वागले असता काय साधते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. ते ज्या रस्त्यावर उभे आहे, त्याला तेथील एका थोर शल्यविशारदाचे, मूळच्या गोव्याच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. मुंबईत साथ चढत असताना, २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, त्या रुग्णालयाने ४९४ पूर्वनियोजित मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. नंतर सहा रुग्णांना करोना झाल्याचे आढळले. ते सहाही बरे झाले. त्या ४९४ जणांपैकी शस्त्रक्रियेनंतर एकही दगावला नाही. यात दैवाचा भाग नव्हता असे कोण म्हणेल? रुग्ण बहुतेक तरुण वा मध्यमवयीन आणि एरवी धडधाकट होते. निवड काळजीपूर्वक झाली होती. परंतु दैव देखील तयारी असलेल्याच्या घरी अधिक वेळ थांबते. भय होतेच, त्या भयाला त्यांनी निर्णय मात्र घेऊ दिला नाही.

तथापि, मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. जे परळपर्यंत पोचले, त्यांची ही गोष्ट झाली. त्यांच्यापैकीही कित्येकांना गावी परतता येईना आणि पदपथावर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी दिवस काढावे लागले. परंतु जो रामाकोन्याहून निघालाच नाही, त्याचे काय? त्याला शोधावयास डॉक्टरने जावे काय?

आपल्या इतिहासात असे जाणारे झाले आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात रोग ओळखला आणि तो प्लेग आहे हे निर्भयपणे सांगितले. पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. ही उदाहरणे वंदनीय आहेत. पण ती आपणास अर्धीच वाट दाखवितात. प्लेगचा रोगी गल्लीत पडलेला दिसत असे. आपला बागायतदार दिसत नाही. तो घरी बसला आहे, हिंडतो फिरतो, डाव्या गालाने चावतो आणि कोणाला काही सांगत नाही. एकट्या डॉक्टरने त्याला हुडकून काढावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. डॉक्टरचे कर्तव्य एवढेच की ज्यांना त्याने थांबविले, त्यांची यादी ठेवावी, त्यांना विचारीत राहावे, आणि ‘पुढे ढकलले’ याचा अर्थ ‘विसरलो’ असा होऊ देऊ नये. न आलेल्याला शोधण्याचे काम समाजाचे आहे.

आणि याच ठिकाणी आपण उणे पडलो, असे मला नम्रपणे वाटते. २२ मार्चच्या सायंकाळी आपण सर्वांनी टाळ्या व थाळ्या वाजवून डॉक्टरांचा गौरव केला. देवळांतून घंटाही वाजल्या. तो भाव खोटा होता असे मी म्हणत नाही. परंतु त्याच आठवड्यात कोठे तरी एक डॉक्टर दूरध्वनीवर रुग्णाला सांगत होता, “आता येऊ नका, पुढच्या महिन्यात पाहू.” सांगताना त्याला ठाऊक होते की पुढचा महिना कदाचित फार उशिराचा ठरेल. त्याच्या वाट्याला ना स्तुती आली ना निंदा. कोणाला थांबवावयाचे याचा भार त्याच्या एकट्याच्या मनावर पडला. आपण थाळी वाजविली. त्याचा भार हलका करण्यासाठी, आपल्या आळीत कोणाचे औषध अडले आहे, कोणाच्या तोंडात न भरणारा चट्टा आहे, कोणाला गाडी हवी आहे, कोणाला पाससाठी कागद हवा आहे, हे विचारावयास मात्र आपल्यापैकी फार थोडे उठले. गौरव करणे हे देखील कधी कधी कर्तव्यातून सुटण्याचे साधन होऊन बसते.

देवस्थानांविषयी एक शब्द बोलण्याची परवानगी असावी. साथीत देवळे बंद ठेवणे योग्यच होते. माणसांच्या रक्षणासाठी देवाने आपले दार लावून घेतले, यात देवाचे उणेपण नाही. परंतु देवळाचे दार बंद झाले म्हणून देवळाचा समाज बंद होण्याचे कारण नव्हते. समाराधनेच्या पंगतीत यजमान वाढावयास आरंभ करण्यापूर्वी विचारतो, “कोणी राहिले आहे का?” हा प्रश्न आपल्या रक्तात आहे. प्रत्येक देवस्थानाजवळ वर्गणीदारांची वही असते, कोणत्या घरी कोण आहे हे पुजाऱ्यास ठाऊक असते, उत्सवाचे आमंत्रण चुकून एका घरी गेले नाही तर वर्षभर रुसवा चालतो. इतकी बारीक ओळख ज्या संस्थेजवळ आहे, तिला आपल्या आजारी माणसांची आठवण ठेवणे अवघड का जावे? नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव दिलेले आहे. त्यांनाही याच रोगाने ग्रासले होते. नाव देऊन आपण थांबलो, तर ते नाव दगडावरचेच राहील.

आणखीही एक गोष्ट त्या ४१ केंद्रांच्या अभ्यासाने दाखवून दिली आहे. महानगरांतील रुग्णालयांत सेवा अधिक घटल्या, लहान शहरांत त्या मानाने कमी. उपचार जितका घराजवळ, तितका तो संकटात अधिक टिकतो, हा त्याचा एक सरळ अर्थ होय. मोठी रुग्णालये हवीतच. पण चट्टा पाहून शंका घेणारा डोळा आणि ‘आजच जा’ असे सांगणारा शब्द हे गावातच असावयास हवेत. त्यासाठी शल्यविशारद होण्याची गरज नाही. शाळामास्तर, पुजारी, आशा कार्यकर्ती, शेजारीण, कोणीही ते करू शकेल. साथ येण्यापूर्वी ही सवय लागली असेल, तरच ती साथीत उपयोगी पडेल. कारण संकटात माणूस नवे सद्‌गुण शिकत नाही, अंगवळणी पडलेलेच वापरतो.

त्या दिवसांना आता काही वर्षे लोटली. आगगाड्या व मोटारी धावत आहेत, सीमेवरचा पहारा उठला आहे, जामसावळीला पुन्हा गर्दी होते. रामाकोन्याहून नागपूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. त्या वेळी जे आले नाहीत, त्यांच्यापैकी काही पुढे आले आणि रोग वाढलेल्या स्थितीत आले. काही कधीच आले नाहीत. त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग आता उरलेला नाही. परंतु पुढची साथ येणार नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि कर्करोग तर साथीची वाट न पाहता रोजच नव्या घरी शिरत आहे. म्हणून आजच पानावर बसण्यापूर्वी आपण क्षणभर अंगणात यावे आणि वाटेकडे पाहावे. शेजारच्या घरातील कोण बरेच दिवसांत दिसले नाही, हे आठवावे. आणि आठवले तर तसेच त्याच्या दाराशी जावे. जेवण थोडे निवेल, एवढेच.